क्रिप्टो एक्स्चेंज हॅक झाल्यावर ग्राहकाने काय करावे : पुराव्यापासून वाटपापर्यंत, पायरीपायरीने

मुंबईतून कारभार चालवणाऱ्या वझीरएक्स या क्रिप्टो नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून (नाणी ठेवण्याच्या डिजिटल पाकिटातून) १८ जुलै २०२४ रोजी २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली. त्याच दिवशी ग्राहकांचे पैसे आणि नाणी काढणे बंद झाले आणि एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला २४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. मधल्या काळात ग्राहकांनी पोलीस ठाणी, ग्राहक आयोग, उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय असे सगळे दरवाजे ठोठावले. त्यांच्या तक्रारी वाचताना त्याच त्या चुका दिसतात : पुरावा गोळा करण्याआधीच तक्रार दिलेली असते, तक्रार चुकीच्या कंपनीविरुद्ध असते, मागणी नाण्यांऐवजी रुपयांत केलेली असते आणि परदेशातील न्यायालयाची नोटीस जाहिरात समजून पुसून टाकलेली असते. पुढील पायऱ्या या चुका टाळण्यासाठी आहेत आणि त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये.

एक प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवावा. एक्स्चेंजकडे पडलेली नाणी कायद्याच्या दृष्टीने अजूनही आपली मालमत्ता आहेत, की आपण त्या कंपनीचे केवळ एक धनको (कंपनीकडून येणे असलेले) आहोत? मालकाला आपली वस्तू परत मागता येते, धनकोला मात्र उरलेल्यातला हिस्सा मिळतो. आपण लिहिलेले प्रत्येक पत्र आणि भरलेला प्रत्येक अर्ज या प्रश्नाचे उत्तर आपल्या बाजूने किंवा आपल्या विरोधात वळवत असतो.

पायरी १ : हॅक नेमका कुठे झाला ते ठरवणे

आपले स्वतःचे खाते फोडले गेले, की एक्स्चेंजचे सामायिक वॉलेट? या दोन घटनांचे मार्ग पूर्णपणे वेगळे आहेत. सिमकार्डची अदलाबदल, बनावट दुवा किंवा चोरलेला ओटीपी यांमुळे आपले एकट्याचे खाते रिकामे झाले असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदतक्रमांकावर कळवावे. रुपयातील रक्कम एखाद्या बँक खात्यात पोचली असल्यास ती गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. एक्स्चेंजचेच वॉलेट फोडले गेले असेल, तर १९३० वर फोन करून आपल्या नाण्यांच्या बाबतीत फारसे काही हाती लागत नाही. तिथे पुढच्या पायऱ्या अधिक मोलाच्या आहेत.

वॉलेट एक्स्चेंजचे असले, तरी ते ग्राहकांच्या नाण्यांचे होते की कंपनीच्या स्वतःच्या पैशाचे, हेही पाहावे लागते. कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजमधून जुलै २०२५ मध्ये सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले, मात्र ते कंपनीच्या अंतर्गत व्यवहारांसाठीच्या खात्यातून गेले. तो तोटा कंपनीने स्वतःच्या गंगाजळीतून सोसला आणि ग्राहकांच्या शिलकीला धक्का लागला नसल्याचे जाहीर केले. अशा वेळी दाव्याची घाई नको, शिल्लक काढता येते का एवढे तपासणे पुरेसे आहे.

वझीरएक्सचे वॉलेट बहुस्वाक्षरी पद्धतीचे होते. त्याचे सहा स्वाक्षरीकर्ते होते, पाच कंपनीचे आणि एक लिमिनल या अभिरक्षक (नाणी सुरक्षित सांभाळणाऱ्या) कंपनीचा. व्यवहार पुढे जाण्यासाठी कंपनीच्या तिघांच्या स्वाक्षऱ्या आणि त्यानंतर लिमिनलची मान्यता लागत असे. कंपनीच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्षात स्वाक्षरी झालेला व्यवहार यांत तफावत होती. चूक कोणाच्या बाजूची, यावरून दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवले. ग्राहकाने या तांत्रिक वादात पडू नये, पण एक गोष्ट नक्की टिपून ठेवावी : फोडलेल्या वॉलेटमध्ये कोणत्या प्रकारची नाणी होती. वझीरएक्सच्या त्या वॉलेटमध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर (व्यवहारांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीवर) आधारित टोकन, म्हणजे नाणी, होते. ज्यांच्याकडे दुसऱ्या ब्लॉकचेनवरची नाणी होती, त्यांच्या दाव्याचा सगळा पाया या एका तपशिलावर उभा राहिला. तो प्रसंग पायरी ६ मध्ये येतो.

पायरी २ : तक्रारीआधी पुरावा

ही पायरी सर्वांत लांबलचक आणि कंटाळवाणी आहे, आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. एक्स्चेंज कधीही ॲप बंद ठेवू शकते, शिलकीचे आकडे नव्या पद्धतीने दाखवू शकते किंवा करारनाम्याची नवी आवृत्ती चढवू शकते. म्हणून लॉगिन चालू आहे तोवर पुढील गोष्टी उतरवून घ्याव्यात.

खाते उघडल्यापासूनचा संपूर्ण व्यवहार अहवाल घ्यावा, फक्त चालू वर्षाचा नव्हे. रुपये आणि नाणी भरल्याच्या व काढल्याच्या नोंदी व्यवहार क्रमांकांसह घ्याव्यात. शिलकीच्या पानाचे चित्र असे घ्यावे की त्यात तारीख, वेळ आणि आपला नोंदणीकृत ईमेल हे तिन्ही दिसतील. हॅकच्या दिवशी लागू असलेला करारनामा संपूर्ण जतन करावा. रुपयातील शिल्लक आणि नाण्यांची शिल्लक वेगवेगळी नोंदवावी, कारण पुढे त्यांचे नशीब वेगळे असू शकते. वझीरएक्सने रुपयातील शिल्लक ऑगस्ट २०२४ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने काढू दिली, तीही आधी ६६ टक्क्यांपर्यंतच. नाणी मात्र अडकूनच राहिली.

यानंतर एक्स्चेंजच्या हातात नसलेला पुरावा जमवावा. खरेदीसाठी पाठवलेले पैसे बँकेच्या उताऱ्यात दिसतात. १ जुलै २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस कापला जातो, त्यामुळे विक्रीच्या नोंदी आपल्या फॉर्म २६एएस मध्ये (आयकर खात्याकडील कापलेल्या कराच्या उताऱ्यात) सापडतात. खरेदीला बँकेचा उतारा आणि विक्रीला २६एएस अशी जोडी लागली, की कंपनीने आपल्या नोंदी नाकारल्या तरी आपले म्हणणे अधांतरी राहत नाही.

इशारा : उतरवून घेतलेली मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नये. एक्सेल तारखांची मांडणी बदलते, लांब क्रमांकांचे शेवटचे अंक शून्य करून टाकते आणि दशांशानंतरचे आकडे पडद्यावर आखडते. मूळ फाइल एका फोल्डरमध्ये हात न लावता ठेवावी, आकडेमोड तिच्या प्रतीवर करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचे दोन भाग असतात, एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा संकेतांक) लिहावे लागते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी हे मूल्य बदलते, आणि उलटतपासणीत तेवढाच धागा पुरतो. म्हणून फाइल उतरवल्या दिवशीच हॅश काढून वहीत तारखेसह लिहून ठेवावे.

तपासणी : एका कागदावर नाण्याचे नाव, नेमकी संख्या दशांशासह, खरेदीची तारीख, मोजलेले रुपये आणि आधार असलेल्या फाइलचे नाव असा तक्ता तयार झाला का? या तक्त्याची बेरीज शिलकीच्या चित्राशी जुळत नसेल, तर पुढे जाऊ नये. फरक बहुधा फीपोटी कापलेल्या नाण्यांचा किंवा फुकट मिळालेल्या टोकनांचा असतो. तो शोधून नोंदवावा.

पायरी ३ : प्रतिपक्ष कोण?

ॲपवरचे नाव ही कंपनी नसते, ती नाममुद्रा असते. वझीरएक्सच्या बाबतीत भारतातील झनमाई लॅब्स आणि सिंगापूरमधील झेट्टाई या दोन स्वतंत्र कंपन्या होत्या. रुपयांचे व्यवहार पहिलीकडे आणि नाण्यांचे दुसरीकडे, अशी विभागणी पुढे मांडली गेली. त्यात मालकीवरून बायनान्स या परदेशी क्रिप्टो एक्स्चेंजशी २०२२ पासून वाद होताच. पायरी २ मध्ये जतन केलेला करारनामा उघडून तीन गोष्टी खुणेने दाखवाव्यात : करार करणारी कंपनी कोणती, कायदा कोणत्या देशाचा आणि लवाद कुठे. त्याशिवाय भारतातील कंपनीचा नोंदणी क्रमांक आणि पत्ता कंपनी निबंधकाच्या संकेतस्थळावरून घ्यावा. मार्च २०२३ पासून अशा व्यवसायांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले असून त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. कोणती कंपनी नोंदलेली आहे हे समजले, की भारतातील जबाबदार पक्ष सापडतो. तक्रारीत दोन्ही कंपन्यांना पक्ष करावे आणि कोणाची काय भूमिका ते लिहावे.

पायरी ४ : कंपनीला लेखी मागणी

ग्राहकसेवेच्या चॅटवर घातलेला वाद पुरावा म्हणून कमकुवत असतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि नोंदणीकृत डाक अशा दोन्ही मार्गांनी पत्र पाठवावे. त्यातील मध्यवर्ती वाक्य काळजीपूर्वक लिहावे. पुष्कळ लोक लिहितात, ‘माझे चार लाख रुपये बुडाले, ते परत करा.’ या एका वाक्याने ग्राहक स्वतःहून पैशाचा धनको बनतो आणि किंमत कोणत्या दिवशीची धरायची हा वाद ओढवून घेतो. त्याऐवजी असे लिहावे : ‘माझ्या मालकीची, सोबतच्या तक्त्यात नमूद केलेली नाणी आपण माझ्या वतीने सांभाळत होता. ती त्याच संख्येने परत करावीत. हे शक्य नसल्यास त्याची कारणे लेखी द्यावीत. माझा कोणताही हक्क मी सोडलेला नाही.’ आजची बाजारातली किंमत पर्यायी मागणी म्हणून खाली द्यावी.

पत्रात क्रमांक घालून प्रश्नही विचारावेत : फोडलेल्या वॉलेटमध्ये माझ्या प्रकारची नाणी होती का, उरलेली नाणी कोणत्या वॉलेट पत्त्यांवर आहेत, विमा होता का, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला घटना केव्हा कळवली. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती सहा तासांत कळवावी लागते. उत्तर आले नाही तरी प्रश्न विचारल्याची नोंद पुढे उपयोगी पडते.

इशारा : हॅकनंतर ॲपवर ‘नव्या अटी मान्य करा’ किंवा ‘पर्याय निवडा’ अशी खिडकी आल्यास वाचल्याशिवाय बटण दाबू नये. वझीरएक्सने जुलै २०२४ च्या अखेरीस तोटा सर्व ग्राहकांत वाटून घेण्याच्या पर्यायांवर कौल मागवला होता. तीव्र विरोधानंतर तो मागे पडला. अशा प्रत्येक पडद्याचे चित्र घ्यावे.

पायरी ५ : पोलीस तक्रार

पोलीस तक्रारीने नाणी लगेच परत येत नाहीत, हे आधी समजून घ्यावे. वझीरएक्सच्या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त निवेदनात म्हटले. तिथवर ग्राहकाचा हात पोचणे अशक्यप्राय आहे. तरीही तक्रार द्यावी, कारण तिच्यामुळे घटना आणि आपली शिल्लक यांची तारखेसह सरकारी नोंद होते.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोच घ्यावी आणि नंतर स्थानिक सायबर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याला देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत जाऊन स्वाक्षरी करावी लागते. ही स्वाक्षरी राहून जाणे ही अगदी नेहमीची चूक आहे. ठाण्याने नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. मधली पायरी वगळल्यास अर्ज परत येण्याची शक्यता असते.

अर्जात कलमांची जंत्री देऊ नये. घटनाक्रम, तक्ता आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार द्यावा. कंपनीच्या तक्रारीवरून आधीच गुन्हा नोंद झाला असेल (वझीरएक्सच्या बाबतीत तो दिल्ली पोलिसांकडे होता), तर त्याचा उल्लेख करून आपले नाव पीडितांत घेण्याची विनंती करावी. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवण्याचे बंधन संहितेत आहे. त्या मुदतीनंतर लेखी विचारणा करावी.

पायरी ६ : न्यायमंच निवडणे

थेट वरच्या न्यायालयात जाण्याचा मोह आवरावा. वझीरएक्सच्या ५४ ग्राहकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये, हा धोरणाचा विषय आहे आणि योग्य प्राधिकरणाकडे जावे, असे सांगून फेटाळली. त्यात या ग्राहकांचा मोलाचा वेळ गेला.

ग्राहक आयोगाची वाट कमी खर्चाची आहे. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. दोन आक्षेप मात्र हमखास येतात. पहिला असा, की आपण नफ्यासाठी रोज खरेदी-विक्री करत होता, म्हणजे व्यवहार व्यापारी हेतूचा होता. दुसरा मोबदल्याच्या मोजणीचा असतो : फी मोजायची की नाण्यांची किंमत? तक्रारीत दोन्ही आकडे द्यावेत आणि आपल्या बचतीचे स्वरूप स्पष्ट करावे. दिवसाला अनेक व्यवहार करणाऱ्याने हा मंच निवडण्याआधी वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.

दुसरी वाट लवादाची. लवाद सुरू होण्याआधी मालमत्ता जपून ठेवण्यासाठी लवाद कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयाकडे अंतरिम संरक्षण मागता येते. चेन्नईतील एका ग्राहकाने जानेवारी २०२४ मध्ये १,९८,५१६ रुपयांना ३,५३२.३० एक्सआरपी नाणी घेतली होती. ती अडकल्यावर याच कलमाखाली मद्रास उच्च न्यायालयात अर्ज झाला. लवादाचे ठिकाण सिंगापूर आहे आणि तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात क्रिप्टो नाणी ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून धारण करता येते असे म्हटले. चोरी झालेले टोकन वेगळ्या प्रकारचे होते आणि अर्जदाराची नाणी त्यांत नव्हती, ही बाब लक्षात घेऊन संरक्षणही दिले. पैसे चेन्नईतील बँक खात्यातून गेले होते आणि व्यवहार भारतातून झाला होता, म्हणून इथल्या न्यायालयाला अधिकार मिळाला. बँकेचा उतारा जपायला सांगण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

हा आदेश अंतरिम आहे आणि तो एका उच्च न्यायालयाचा आहे. त्यावर विसंबून निकाल आपलाच, असे धरू नये; युक्तिवादाला भक्कम आधार मिळाला, एवढेच धरावे.

पायरी ७ : परदेशातील कार्यवाहीत गप्प न बसणे

वझीरएक्सच्या झेट्टाई या सिंगापूरमधील कंपनीने धनकोंच्या कारवाईपासून संरक्षणासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये सिंगापूरच्या उच्च न्यायालयात अर्ज केला आणि २५ सप्टेंबर रोजी तिला अशा कारवाईवर चार महिन्यांची सशर्त स्थगिती मिळाली. वॉलेटचे पत्ते प्रतिज्ञापत्राने उघड करणे, ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, आर्थिक माहिती देणे आणि मतदान स्वतंत्र यंत्रणेमार्फत घेणे, अशा त्या अटी होत्या. अशा अटी ग्राहकाच्या हातातले हत्यार असतात. त्या पाळल्या जात नसतील तर न्यायालयाला कळवता येते.

यानंतर धनकोंसमोर तडजोडीची योजना येते. सिंगापूरच्या कायद्यात मतदान करणाऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि दाव्यांच्या मूल्याने ७५ टक्के पाठिंबा लागतो. न्यायालयाने मंजुरी दिली की योजना विरोधात मत देणाऱ्यांवर बंधनकारक होते आणि मत न देणाऱ्यांवरही. मार्च २०२५ च्या मतदानात ९० टक्क्यांहून अधिक ग्राहकांनी होकार दिला, तरी जूनमध्ये न्यायालयाने योजना नाकारली. दुरुस्त योजनेवर जुलैअखेर ते ऑगस्ट असे पुन्हा मतदान झाले आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला मंजुरी मिळाली. पहिल्यांदा मत दिले म्हणून दुसऱ्यांदा न देणाऱ्यांचा आवाज मोजला गेला नाही. प्रत्येक फेरीचे मत स्वतंत्रपणे द्यावे लागते.

योजना वाचताना चार जागी बोट ठेवून वाचावे. दाव्याची किंमत कोणत्या तारखेची आहे? वझीरएक्सच्या योजनेत ती १८ जुलै २०२४ ची होती. टोकियोतील माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४ मध्ये बुडाले, तेव्हा जुन्या किमतीचा हाच प्रश्न इतका तीव्र झाला की २०१८ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही बदलून पुनर्वसनाची करावी लागली. दुसरे, वाटप नाण्यांत आहे की पैशांत. तिसरे, आपल्या नावावर दाखवलेली संख्या पायरी २ च्या तक्त्याशी जुळते का. जुळत नसल्यास हरकतीची मुदत कोणती. चौथे, मंजुरीनंतर कंपनी, तिचे संचालक आणि सहकंपन्या यांच्यावरील कोणकोणत्या दाव्यांतून त्यांना मुक्तता मिळणार. भारतातील लवाद किंवा तक्रार चालू ठेवायची असेल, तर मत देण्याआधी हे चौथे कलम वकिलाला दाखवलेच पाहिजे.

तपासणी : नोंदणीकृत ईमेलच्या स्पॅम पेटीत दर आठवड्याला पाहावे. ईमेल किंवा मोबाइल क्रमांक बदलला असेल तर केवायसी लगेच अद्ययावत करावे. खातेदार हयात नसल्यास वारसांनी कागदपत्रे मतदानाआधी पोचवावीत.

पायरी ८ : वाटप, कर आणि भामटे

वाटपाच्या काळात कंपनीच्या नावाशी मिळतीजुळती संकेतस्थळे आणि टेलिग्राम गट उगवतात. ‘तुमची नाणी सापडली आहेत, सोडवण्यासाठी फी भरा’ असे सांगणारा प्रत्येक जण भामटा समजावा. कोणतेही न्यायालय, प्रशासक किंवा एक्स्चेंज आपला सीड फ्रेज (आपले वॉलेट उघडणारी गुप्त शब्दमालिका) मागत नाही. दुव्यावर टिचकी मारण्याऐवजी पत्ता स्वतः टंकून संकेतस्थळ उघडावे.

मिळालेली प्रत्येक नोंद तारीख, संख्या आणि त्या वेळचा दर यांसह तक्त्यात लिहावी. पुढे जारी होणारे वसुली टोकन (उरलेल्या येण्यापोटी कंपनीने दिलेली डिजिटल हक्कनोंद) मिळाल्यास ते वेगळ्या रकान्यात दाखवावेत. त्यांचे मूल्य भविष्यातील वसुलीवर अवलंबून असते.

कराच्या बाबतीत एक चूक सर्रास होते : चोरीला गेलेली नाणी शून्य रुपयांना ‘विकली’ असे विवरणपत्रात दाखवून तोटा उभा करणे. चोरी म्हणजे विक्री नव्हे, आणि आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के दराने कर लागताना खरेदीची किंमत सोडून दुसरी वजावट मिळत नाही; तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळताही करता येत नाही. अशी खोटी विक्रीनोंद आपण पायरी ४ मध्ये केलेल्या मालकीच्या दाव्यालाच छेद देते, कारण विकलेल्या वस्तूचा मालक ती परत मागू शकत नाही. परत मिळालेली नाणी नंतर विकताना मूळ खरेदीची किंमत कशी धरायची हे सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे आणि त्याची प्रत तक्त्याच्याच फोल्डरमध्ये ठेवावी.